सुरुवात गच्चीवरून करा

गावाच्या इमारती : लेखांक १४

मागच्या आठवड्यात तांत्रिक मान्यतेपाशी थांबलो होतो आणि आज निविदा उघडायची असे ठरले होते. निविदा एक आठवडा थांबू शकते. मधल्या काळात आलेले एक पत्र मात्र थांबू शकत नाही, कारण त्यावर एका मुलीचा उन्हाळा अवलंबून आहे.

पत्र लिहिणाऱ्या बाईंची मुलगी स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या सत्राची परीक्षा संपली की बारा आठवड्यांचे प्रशिक्षण करायचे आहे. नगरपालिकेच्या बांधकाम विभागाने होकार कळवला आहे आणि एका बिल्डरच्या साइटवरही तिला घ्यायला तयार आहेत. घरचे, शेजारचे आणि तिच्या वर्गातली मुले एकच सांगतात : पालिकेत गेलीस तर झेरॉक्स काढण्यात दिवस जातील. बाई विचारतात, "सर, कुठे पाठवू? आणि पालिकेत पाठवलीच, तर तिने तिथे काय मागून घ्यावे?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर सरळ आहे. पालिकेत पाठवा. दुसऱ्या प्रश्नासाठी आजचा सगळा लेखांक खर्च करतो. तिने नव्या इमारतीची साइट मागू नये. जुन्या इमारतींची देखभाल मागावी आणि पहिल्याच दिवशी एखाद्या शाळेच्या गच्चीवर जावे.

हे का, ते सांगतो. बिल्डरच्या साइटवर इमारतीची पहिली दोन-तीन वर्षे दिसतात. पाया, कॉलम, स्लॅब, गिलावा, रंग आणि ताबा. ताबा दिला की साइटवरचा अभियंता पुढच्या साइटवर जातो. त्याने सळईवर ठेवलेले काँक्रीटचे कव्हर कमी पडले की बरोबर होते, हे पंधरा वर्षांनी त्या सोसायटीला कळते, त्याला कळत नाही. पालिकेत तसे नाही. तिथे शाळा, दवाखाना, भाजी मंडई, वाचनालय, अग्निशमन केंद्र, नाट्यगृह, कर्मचाऱ्यांच्या चाळी आणि स्मशानभूमीतली शेड अशा सगळ्या वयाच्या इमारती एकाच विभागाकडे असतात. जिल्हा परिषदेत गेलात तर प्राथमिक शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि पशुवैद्यकीय दवाखाने. ज्या विभागाने बांधले त्याच विभागाकडे गळतीची तक्रार येते. बांधताना केलेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम डोळ्यांसमोर उभा असतो. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पालिकेत काय शिकायला मिळणार असे म्हणणाऱ्यांना मी पुण्याचा इतिहास सांगतो. १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. आजचे सीओईपी ते हेच. सरकारी इमारती, धरणे, कालवे आणि पूल यांच्या कामांवर दुय्यम अधिकारी हवे होते, ते तयार करण्यासाठी हा वर्ग निघाला. त्याआधी १८४७ मध्ये रुरकीचे कॉलेज निघाले, ते गंगा कालव्याच्या कामाला माणसे हवी होती म्हणून. आपल्याकडे सार्वजनिक काम आधी आले आणि त्या कामाच्या गरजेतून अभियांत्रिकीचे वर्ग उभे राहिले. पुण्याच्याच कॉलेजातून शिकलेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले आणि नाशिकला गेले. पालिकेने विद्यार्थ्याला कामावर उभे राहू देणे हे उपकार नव्हेत. ही आपली सर्वांत जुनी शिकवण्याची पद्धत आहे.

आता योजनांविषयी थोडक्यात, कारण त्यांची सरमिसळ फार होते. बाईंच्या मुलीचे प्रशिक्षण अभ्यासक्रमातले आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या योजनेत ते सहा आठवड्यांचे होते, आता बारा झाले आहे. त्याला गुण आहेत, विद्यावेतनाची हमी नाही. पदविका हातात पडल्यावर तिच्यासाठी आणखी दोन मार्ग उघडतील. एक, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची वर्षभराची उमेदवारी. या कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक अभियंते आले. दुसरा, राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आयटीआय आणि पदविकाधारकांना आठ हजार, पदवीधरांना दहा हजार रुपये असे विद्यावेतन ठरले. ४ जून २०२० रोजी सुरू झालेला केंद्राचा ‘ट्यूलिप’ कार्यक्रम ताज्या पदवीधरांसाठी आहे. देशातल्या सुमारे ४,४०० नागरी संस्थांना डोळ्यांपुढे ठेवून तो आखला गेला आणि त्यातली इंटर्नशिप आठ आठवड्यांपासून एका वर्षापर्यंत असते. योजना कोणतीही असो, कार्यालयात पाऊल टाकल्यावर काय करायचे हा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो.

त्याचे उत्तर पंचांगात आहे. उन्हाळी परीक्षा मे महिन्यात संपते. बारा आठवडे मोजले की प्रशिक्षण जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये येते, म्हणजे ऐन पावसाळ्यात. याच काळात बिल्डरच्या साइटवर काम मंदावते आणि पालिकेच्या देखभाल विभागात तक्रारींचा पाऊस सुरू होतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. सुट्टीत केलेली दुरुस्ती पहिल्या मोठ्या सरीत पास होते की नापास, हे पाहायला मिळणे ही प्रशिक्षणार्थीसाठी मोठी संधी आहे. पुस्तकात जलरोधक थरांची आकृती असते. गळणारी शाळा मात्र जुलैतच बघायला मिळते.

म्हणून गच्ची. गच्चीवर गेल्यावर नेमके काय पाहायचे? आधी पाणी बाहेर जाण्याची तोंडे मोजायची आणि प्रत्येकात हात घालून पाहायचे. पिंपळाची पाने, चेंडू, सेंट्रिंगचा राहिलेला तुकडा, कबुतराचे घरटे, काहीही निघते. मग तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहायचे. कोब्याचा उतार साधारण शंभरास एक असावा लागतो आणि तो तोंडाकडे असावा लागतो. बऱ्याच जुन्या गच्च्यांवर मध्यभागी खळगा सापडतो, तिथे शेवाळाचा काळा डाग असतोच. त्यानंतर कठड्याच्या मुळाशी बसायचे. कठडा आणि कोबा जिथे भेटतात तिथे गवंडी गोलसर वाटा काढतो. वाटा सुटलेला असेल तर तिथे नख जाते. जिथे नख जाते तिथे पाणीही जाते. शेवटी टाकीखाली वाकून पाहायचे. टाकीखाली कोणी वाकत नाही, म्हणून तिथे सर्वांत जास्त सापडते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीकडे मी एक बैठी शाळा सोपवली होती. चौथीच्या वर्गाचा एक कोपरा सतत गळत होता. संपूर्ण गच्चीच्या जलरोधनाचे अंदाजपत्रक तयार होते, फक्त सह्या बाकी होत्या. मी तिला एवढेच सांगितले की रोज शाळा भरताना आणि सुटताना त्या ओलीची नोंद ठेव. तिने एका बांबूला खडू बांधला. ओलीच्या कडेने छतावर रेघ ओढायची आणि वहीत तारीख, वेळ आणि पाऊस पडला की नाही ते लिहायचे. वर्गातली मुले तिला रोज विचारायची, "ताई, आज किती वाढलं?"

ऑगस्टमध्ये चांगली आठवडाभर उघडीप मिळाली. पाऊस नाही, तरी ओल वाढत होती. सोमवारी सकाळी मात्र ती आक्रसलेली दिसायची. मधल्या वारी सणाची सुट्टी आली, तर दुसऱ्या दिवशीही तेच. तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "सर, ही ओल पावसाची नाही, शाळेची आहे." आम्ही टाकीपाशी गेलो. शिपाई मामा प्रार्थनेनंतर मोटर लावत. मग घंटा, चहा, टपाल आणि तालुक्याचा फोन यांत मोटर बंद करायला उशीर व्हायचा. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप टाकीमागे गच्चीवरच संपत होता. टाकी भरून वाहिली की ते पाणी सुटलेल्या वाट्यापाशी जमायचे आणि तिथून थेट चौथीच्या वर्गात उतरायचे. रविवारी मोटर नाही, म्हणून सोमवारी ओल कमी.

दुरुस्ती काय केली? ओव्हरफ्लोचा पाइप पाच-सहा मीटर वाढवून कठड्याबाहेर काढला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीपुढच्या पायरीशेजारी आणून सोडला. टाकी भरली की पाणी सगळ्यांच्या नजरेसमोर पडते आणि कोणीतरी मोटर बंद करतेच. टाकीजवळचा तेवढाच वाटा नव्याने केला. जलरोधनाचे अंदाजपत्रक परत गेले आणि तो निधी दुसऱ्या शाळेच्या स्वच्छतागृहाला मिळाला.

या गोष्टीतले खरे मर्म हुशारीपेक्षा वेळेत आहे. कनिष्ठ अभियंत्याकडे अशा कितीतरी इमारती असतात. शिवाय रस्ते, गटारे, सभा, माहिती अधिकाराचे अर्ज आणि लोकप्रतिनिधींचे दौरे. तो एका वर्गात एकदा जाईल, फार तर दोनदा. तोच वर्ग सलग तीन आठवडे रोज दोन वेळा पाहणे त्याला शक्य नाही. प्रशिक्षणार्थीला शक्य आहे. तिच्याकडे अधिकार नाहीत, पण वेळ आहे, आणि इमारतीच्या दुखण्याचे निदान करायला सर्वांत जास्त वेळच लागतो. पालिकांनी विद्यार्थ्यांना घ्यावे ते याच कारणासाठी. फुकटचे हात मिळतात म्हणून घेऊ नये.

भेगांनाही हेच लागू आहे. भिंतीतली भेग जुनी होऊन थांबली आहे की अजून चालू आहे, हे एका भेटीत कळत नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवायची आणि तारीख लिहायची. पट्टी फुटली तर भिंत हलते आहे. बारा आठवड्यांत भर पावसात जमीन भिजते, फुगते आणि उघडिपीत थोडी आवळते. काळ्या मातीवरच्या शाळेत ही पट्टी फार काही सांगून जाते. खर्च नगण्य, फक्त रोज कोणीतरी जाऊन पाहायला हवे.

आता या लेखमालेचे नेहमीचे वाचक असलेल्या एका कनिष्ठ अभियंत्यांचा प्रश्न घेतो. ते विचारतात, प्रशिक्षणार्थीला एमबीला, म्हणजे माप पुस्तिकेला, हात लावू द्यावा का? प्रश्न योग्य आहे आणि माझे मत पक्के आहे. लिहू देऊ नये, वाचू जरूर द्यावी.

माप पुस्तिका हा पैसे देण्याचा मूळ पुरावा आहे. तिची पाने क्रमांकित असतात, एकही पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. ज्याने माप घेतले त्याने लिहायचे आणि तोच जबाबदार. या साखळीत विद्यार्थ्याचे अक्षर येता कामा नये, कारण उद्या लेखापरीक्षणात किंवा चौकशीत प्रश्न आला तर त्याला उभे करणे अन्याय होईल. पण टेपचे दुसरे टोक धरायला काहीच हरकत नाही. मुलीने स्वतःच्या वहीत स्वतंत्र मापे लिहावीत, संध्याकाळी साहेबांच्या एमबीतल्या नोंदींशी ताडून पाहावीत आणि फरक आला तर का आला ते विचारावे. मोजमाप शिकण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

उदाहरणादाखल गिलाव्याचे माप घ्या. वर्गाची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावली आहे. तिच्यात १.० × २.१ मीटरचे दार, १.२ × १.२ मीटरची खिडकी आणि वर ०.६ × ०.४५ मीटरचा झरोका. मुले हिशेब करताना तिन्ही उघड्या जागा दोन्ही बाजूंनी वजा करतात. मोजमापाच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस १२०० चा नियम वेगळा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करायचीच नाही. झरोका ०.२७ चौरस मीटरचा आहे, सोडून द्या. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतची जागा एकाच बाजूची वजा करायची आणि तिच्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. दार २.१ आणि खिडकी १.४४ चौरस मीटर, दोन्ही या गटात. तीन चौरस मीटरच्या वर असेल, उदाहरणार्थ मंडईतल्या गाळ्याचे २.४ × २.४ मीटरचे शटर, तर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजून मिळवायच्या.

यामागे व्यवहार आहे. लहान झरोक्याभोवतीच्या चार कडा करताना गवंड्याची जेवढी मेहनत जाते तेवढीच भरपाई वजावट न केल्याने त्याला मिळते. मधल्या मापाच्या दारा-खिडक्यांत एक बाजू सोडली की कडांचा हिशेब मिटतो. मोठ्या शटरला ही तडजोड पुरत नाही, म्हणून तिथे प्रत्यक्ष मोजायचे. हे एकदा कळले की नियम पाठ करावा लागत नाही. शिवाय देयक तपासताना चूक कुठे होऊ शकते तेही कळते, आणि पालिकेचा पैसा वाचतो तो अशाच जागी.

नव्या इमारतीच्या साइटवर अजिबात जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. एक स्लॅब तरी तिने पाहावा आणि तो प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात पाहावा. कारण पुन्हा दिवसांचे आहे. काँक्रीटची ताकद त्याचे क्यूब भरून २८ दिवसांनी मोजतात. सहा आठवड्यांच्या जुन्या प्रशिक्षणात मुले स्लॅब पाहायची आणि क्यूबचा निकाल यायच्या आत निघून जायची. बारा आठवड्यांत हे वर्तुळ पूर्ण होते. तीन वर्गखोल्यांच्या स्लॅबला ३० घनमीटर काँक्रीट लागले असे धरा. आयएस ४५६ प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांच्या तपासणीसाठी नऊ क्यूब. ते कोणत्या गाडीच्या, कोणत्या वेळच्या मालाचे आहेत आणि तो माल स्लॅबच्या कोणत्या भागात पडला, हे तिने नकाशावर खूण करून ठेवावे. एका नमुन्यातल्या तीन क्यूबपैकी एखादा त्यांच्या सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर गेला तर तो नमुना ग्राह्य धरत नाहीत. असा निकाल आला तर क्यूब भरताना काय झाले होते, हे ती सांगू शकेल, कारण ती तिथे होती. त्या २८ दिवसांत क्युरिंग खरेच होते का, तेही तिने रोज पाहावे. साधे सिमेंट असेल तर किमान सात दिवस, मिश्र सिमेंट किंवा कोरडी उष्ण हवा असेल तर किमान दहा. पावसाळा आहे म्हणून क्युरिंग आपोआप होते, या समजुतीवर उघडिपीचे दोन दिवस पाणी फेरतात.

संधी मिळाली तर एक स्ट्रक्चरल ऑडिटही पाहावे. ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ ने आणि मुंबईच्या अधिनियमात कलम ३५३-ब ने बंधनकारक केले आहे. हातोडीसारखे रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासाउंडचे यंत्र सगळ्यांना आकर्षित करते. माझा ओढा मात्र एका छोट्या बाटलीकडे आहे. तीत फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण असते, बारावीच्या प्रयोगशाळेतले तेच. कॉलमचा छोटा तुकडा फोडून ताज्या जागेवर ते फवारतात. आतला भाग गडद गुलाबी होतो, बाहेरची कडा रंगहीन राहते. गुलाबी म्हणजे काँक्रीटचा अल्कली गुण शाबूत, तो असेतो आतली सळई गंजत नाही. रंगहीन म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण खाल्ला. रंगहीन पट्टीची जाडी फूटपट्टीने मोजायची आणि सळईवरच्या कव्हरशी ताडायची. कॉलमला कव्हर ४० मिलिमीटर असायला हवे. पण जुन्या इमारतींत ते वीसच निघाले आणि रंगहीन पट्टी अठरापर्यंत पोचली असेल, तर त्या सळईला फार वर्षे उरलेली नाहीत. नव्या साइटवर कव्हर ब्लॉक लावायला मुकादम कंटाळा करतो तेव्हा तरुण अभियंत्याला हे गुलाबी आणि रंगहीन आठवले पाहिजे. मग तो स्लॅब भरू देणार नाही.

देखभालीच्या आणखी काही गोष्टी यादीवजा सांगतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षेची साधने चालू असल्याचा नमुना ‘ब’ दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. जुलै प्रशिक्षणाच्या काळातच येतो, तेव्हा परवानाधारक संस्थेच्या माणसाबरोबर फिरून घ्यावे. दवाखान्याचा रॅम्प टेपने मोजावा. बाहेरच्या रॅम्पला बारास एक हा उतार धरतात, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून तीन मीटरमध्ये बसवलेल्या रॅम्पवर चाकाची खुर्ची ढकलून पाहावी, पुढचे सांगावे लागत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, दिवा आणि पाणी या तीन गोष्टी प्रत्येक भेटीत तपासाव्यात. तक्रार वहीत त्या क्वचित येतात, कारण मुली तक्रार करत नाहीत, त्या दिवसभर पाणी पिणे टाळतात.

कार्यालयांकडूनही माझ्या काही अपेक्षा आहेत. प्रशिक्षणार्थीला रुजू करून घेताना मार्गदर्शक म्हणून एका अभियंत्याचे नाव लेखी द्यावे. ‘विभागात बसावे’ असे मोघम पत्र दिले की झेरॉक्सची भविष्यवाणी खरी ठरते. हेल्मेट आणि बूट द्यावेत, विमा कोणाचा आहे ते कॉलेजशी आधी बोलून घ्यावे. कठडा नसलेल्या गच्चीवर, परांचीवर किंवा टाकीत एकटे पाठवू नये. मुलगी असो वा मुलगा, साइटवर जाताना बरोबर मुकादम किंवा मिस्त्री असावा. आणि कोणत्याही कागदावर त्यांची सही घेऊ नये. दोन-तीन जागा रिकाम्या आहेत म्हणून प्रशिक्षणार्थीकडून नियमित कर्मचाऱ्याचे काम करून घेणे मला मान्य नाही. त्याने रिकाम्या जागांचा प्रश्न झाकला जातो आणि शिकणे मागे पडते.

सर्वांत महत्त्वाची अपेक्षा शेवटी सांगतो. दवाखान्यात रुग्णाचा केसपेपर असतो, तसा कागद आपल्या बहुतेक सार्वजनिक इमारतींचा नसतो. इमारत कोणत्या वर्षी बांधली, नकाशा कुठे आहे, पाया कसा आहे, गच्चीवर कोणत्या साली काय केले, टाकी कधी बदलली, दोष दायित्वाचा कालावधी कधी संपतो, ही माहिती चार फायलींत आणि निवृत्त झालेल्या एखाद्या मुकादमाच्या डोक्यात विखुरलेली असते. साहेबांची बदली झाली की नवे साहेब त्याच गळतीचे तेच अंदाजपत्रक पुन्हा करतात. दुसरीकडे, दरवर्षी शेकडो मुले प्रशिक्षणाचे जाडजूड अहवाल लिहितात, कॉलेजात जमा करतात आणि ते कपाटात जातात. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायला पैसा लागत नाही, आदेशही लागत नाही.

म्हणून, बाई, तुमच्या मुलीला पालिकेत पाठवा. पहिल्या दिवशी तिने एकच मागणी करावी : मला एक जुनी शाळा द्या, तिचा इतिहास मी लिहिते. नकाशा तिने स्वतः मोजून काढावा. गच्ची, टाक्या, पाइप, वायरिंगचा बोर्ड, भेगा आणि ओल त्यावर दाखवावी. जुन्या फायली, मुख्याध्यापक, शिपाई मामा आणि गावातला त्या वेळचा गवंडी या सगळ्यांना विचारून वर्षवार दुरुस्त्या लिहाव्यात. बारा आठवडे त्यात रोजची भर घालावी. जाताना एक प्रत कॉलेजला आणि एक प्रत शाळेच्या फाइलमध्ये, पहिल्या पानावर. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याने तिथून पुढे लिहावे.

आणि कनिष्ठ अभियंता मित्रांनो, यंदा तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर एक इमारत लिहून द्या. विद्यार्थी तेवढे येतच आहेत आणि इमारती तर वाट पाहत आहेत. जून जवळ आला आहे, इमारतींची यादी आजच करायला घ्या.

पुढच्या आठवड्यात निविदा.